ग्राफाइटाचे पापुद्रे आणि उष्णता

ज्या लेखणीनें आपण गणिताचीं उदाहरणें सोडवितों तिला आपण शिसपेन म्हणतों. परंतु तिच्या पोटांत शिसें मुळींच नसतें. तो काळा, मऊ व बोटांस लागणारा पदार्थ शिशाचाच एखादा प्रकार असावा, असा पूर्वींच्या लोकांचा समज होता. स्वीडन देशांतील रसायनशास्त्रज्ञ शीले यानें १७७९ सालीं असें दाखवून दिलें कीं, या पदार्थाचें नातें शिशाशीं नसून कोळशाशीं आहे. पुढें १७८९ मध्यें व्हेर्नर या जर्मन खनिजशास्त्रज्ञानें त्यास ‘ग्राफाइट’ असें नांव दिलें. ‘लिहिणें’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तें बनविलेलें आहे. याप्रमाणें जुना समज शास्त्रानें दूर केला, तरी आपल्या बोलण्यांतील शिसें मात्र अद्याप गेलेलें नाहीं.

या शिसपेनींतील पदार्थापासून ग्राफीन नांवाचा अतिशय पातळ पदार्थ करितां येतो, आणि तो करण्याच्या एका मार्गांत उष्णता हें मुख्य साधन आहे. परंतु येथें एक गोष्ट विचार करण्यासारखी आढळते. पदार्थ तोच, उष्णतामापकावरील शेवटचा आंकडाहि कित्येकदां तोच, आणि तरी फळ निराळें मिळतें. उष्णता किती दिली एवढेंच पाहून भागत नाहीं. ती किती त्वरेनें दिली हेंहि पाहावें लागतें. हें कसें घडतें, तें या लेखांत सांगावयाचें आहे.

पापुद्र्यांची रचना

ग्राफाइट हें कर्बाचें एक रूप आहे. हिरा हें दुसरें. दोहोंतील परमाणु एकाच मूलद्रव्याचे आहेत, भेद आहे तो मांडणीचा. ग्राफाइटांत कर्बाचे परमाणु मधमाश्यांच्या पोळ्यांतील घरांप्रमाणें षट्कोनांत मांडलेले असतात, व अशा षट्कोनांचा मिळून एक सपाट थर होतो. एका मिलिमीटरचे दहा लक्ष समान भाग केले, तर त्यांतील एका भागास नॅनोमीटर म्हणतात. एका थरांतील शेजारच्या दोन परमाणूंमधील अंतर ०.१४२ नॅनोमीटर असतें. परंतु एका थरापासून दुसऱ्या थराचें अंतर ०.३३५ नॅनोमीटर, म्हणजे दुपटीहून अधिक असतें. थरांतील परमाणूंचें परस्परांशीं बंधन अत्यंत बळकट आहे; थराथरांमधील आकर्षण त्या मानानें दुबळें आहे. म्हणूनच शिसपेन कागदावर ओढतांच हे थर एकमेकांवरून घसरतात व कागदावर काळी रेघ उमटते. एक मिलिमीटर जाडीच्या ग्राफाइटांत असे सुमारें तीस लक्ष थर असतात. हा भागाकार विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावा.

यांपैकीं एकच थर वेगळा काढला, तर त्यास ग्राफीन म्हणतात. हें नांव जर्मन रसायनशास्त्रज्ञ बोएम व त्याचे सहकारी यांनीं १९८६ मध्यें सुचविलें. इंग्लंडांतील मँचेस्टर विद्यापीठांत गाइम व नोव्होसेलोव्ह यांनीं २००४ मध्यें साध्या चिकटपट्टीनें ग्राफाइटाचे पापुद्रे पुनःपुनः सोलून एकेरी थर मिळविला व त्याचे गुणधर्म तपासले. याबद्दल त्यांस २०१० सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. ग्राफीन वीज व उष्णता फार उत्तम वाहून नेतें. एक ग्रॅम ग्राफीनाच्या दोन्ही बाजू हिशेबांत घेतल्या, तर त्याचें क्षेत्रफळ २,६३० चौरस मीटर भरतें. परंतु चिकटपट्टीनें मिळणारे तुकडे सूक्ष्म असतात. विजेच्या संचांत, रंगलेपांत किंवा इतर पदार्थांस बळकटी आणण्यासाठीं मोठ्या प्रमाणांत माल हवा असेल, तर दुसरा मार्ग शोधणें प्राप्त आहे. तो मार्ग असा, कीं प्रथम थरांच्या मधील फटींत एखादें परकें द्रव्य शिरूं द्यावयाचें आणि मग त्या संयुगास उष्णता द्यावयाची.

थरांत शिरणारे पाहुणे

घरीं पाहुणे आले म्हणून घराच्या भिंती हलत नाहींत. ग्राफाइटांत मात्र पाहुणा आला कीं, थर स्वतःच दूर सरून त्यास जागा करून देतात. अशा संयुगांचीं तीन उदाहरणें घेऊं, व उष्णता लागली असतां प्रत्येकांत काय होतें तें पाहूं.

पहिलें उदाहरण पोटॅशियमचें. या मऊ धातूची वाफ ग्राफाइटास लागूं दिली, तर दर आठ कर्बपरमाणूंमागें पोटॅशियमचा एक परमाणु या प्रमाणापर्यंत ती थरांत शिरते. काळें ग्राफाइट सोनेरी दिसूं लागतें, आणि थराथरांतील अंतर ०.३३५ वरून ०.५३५ नॅनोमीटर होतें. या संयुगाचें वर्णन फ्रेडेनहागेन व काडेनबाख यांनीं १९२६ मध्यें प्रसिद्ध केलें. तें निर्वात नळींत तापविलें म्हणजे पोटॅशियम थरांच्या कडांनीं बाहेर पडूं लागतें. तें कसेंहि पडत नाहीं. त्यांत एक शिस्त असते. आरंभीं प्रत्येक फट भरलेली असते. कांहीं धातु निघून गेला कीं, एक फट भरलेली व एक रिकामी अशी रचना होते. प्रमाण दर चोवीस कर्बपरमाणूंमागें एक असें होतें, आणि सोनेरी रंग जाऊन निळा रंग येतो. आणखी तापवीत गेल्यास पाहुणा जवळजवळ सर्व निघून जातो व मागें ग्राफाइट राहतें. म्हणजे या ठिकाणीं उष्णतेनें पाहुण्यास वाटेस लावलें, पण घर मोडलें नाहीं.

दुसरें उदाहरण गंधकाम्लाचें. तीव्र गंधकाम्लाच्या योगानें ग्राफाइटाचा रंग निळा होतो, ही गोष्ट शाफहॉयटल या जर्मन शास्त्रज्ञानें १८४० मध्येंच नमूद करून ठेविली होती. गंधकाम्लाच्या जोडीस प्राणवायु देणारें एखादें द्रव्य असलें म्हणजे अम्ल थरांच्या फटींत शिरतें. असें ग्राफाइट पाण्यानें धुतलें तरी कांहीं अम्ल आंत अडकून राहतें. मग तें वाळवून एकाएकीं प्रखर भट्टींत टाकलें, तर आंतील अम्लाचे वायु होतात, त्यांस बाहेर पडण्यास पुरेसा वेळ मिळत नाहीं, आणि प्रत्येक कण थरांच्या लंब दिशेस शेंकडों पट लांबून अळीसारखा वळवळत फुगतो. हीं फुगलेलीं कणें दाबून त्यांचे लवचिक पत्रे करितात, व ते यंत्रांच्या आणि नळांच्या सांध्यांत घालण्याच्या कामीं येतात. अग्निरोधक लेपांतहि असें न फुगलेलें ग्राफाइट मिसळतात. आग लागली कीं तें आपोआप फुगतें व त्याचा जाड थर आंतील वस्तूचें रक्षण करितो. तथापि या फुगलेल्या अळीचे पडदे अनेक थरांचे मिळून झालेले असतात. तें अद्याप ग्राफीन नव्हे.

तिसरें उदाहरण ग्राफाइट ऑक्साइडाचें, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीनें तेंच सर्वांत महत्त्वाचें आहे. यांत प्राणवायु नुसता फटींत बसून राहत नाहीं. तो थराच्या दोन्ही बाजूंस कर्बाच्या परमाणूंशीं रासायनिक बंधनानें जोडला जातो. थरांतील अंतर वाढून सुमारें ०.७ नॅनोमीटर होतें, व हवेंतील दमटपणाप्रमाणें तें कमीजास्त होतें. काळा पदार्थ पिवळसर किंवा तपकिरी होतो. ग्राफाइट वीज वाहतें, पण हा पदार्थ ती जवळजवळ वाहतच नाहीं. येथील पाहुणा घरच्या माणसांशीं सोयरीक करून बसलेला आहे. त्यास बाहेर काढावयाचें तर बंधन तोडावें लागतें, आणि जातांना तो घरांतलें कांहीं तरी घेऊनच जातो.

ब्रॉडीचा तराजू

ग्राफाइट ऑक्साइडाचा पहिला सविस्तर अभ्यास ऑक्सफर्ड येथील रसायनशास्त्रज्ञ बेंजामिन ब्रॉडी यानें केला व १८५९ मध्यें प्रसिद्ध केला. पोटॅशियम क्लोरेट व धुमसणारें नत्राम्ल यांची क्रिया त्यानें ग्राफाइटावर एकदां नव्हे तर पुनःपुनः केली, आणि पदार्थांत आणखी फरक पडेनासा झाला तेव्हांच तो थांबला. मग त्यानें मिळालेल्या फिकट पिवळ्या स्फटिकांचें पृथक्करण केलें. शंभर भागांत कर्ब ६१.०४, हायड्रोजन १.८५ आणि प्राणवायु ३७.११ भाग भरला. तोच पदार्थ २२० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापविल्यावर त्यांतून कर्बाम्लवायु व कोळसा अर्धवट जळतांना निघणारा कार्बन मोनॉक्साइड हे दोन वायु बाहेर पडले. आणि राहिलेल्या पदार्थांत कर्ब ८०.१३, हायड्रोजन ०.५८ व प्राणवायु १९.२९ भाग आढळला.

या आंकड्यांचा अर्थ कोणासहि लावतां येईल. तापविण्यापूर्वीं कर्बाचें वजन प्राणवायूच्या सुमारें १.६ पट होतें. तापविल्यानंतर तें चौपटीहून अधिक झालें. उष्णतेनें पदार्थ ग्राफाइटाकडे परत वळूं लागला, पण पूर्णपणें वळला नाहीं. शिवाय निघून गेलेल्या दोन्ही वायूंत कर्ब आहे, ही गोष्टहि लक्षांत ठेवण्यासारखी आहे. तिचें कारण पुढें येईल.

ब्रॉडीस असें वाटलें कीं, ग्राफाइटांतील कर्ब हा निराळाच असून त्याचा परमाणुभार ३३ आहे. त्यानें त्यास ‘ग्राफॉन’ असें नांवहि दिलें. हें मत पुढें टिकलें नाहीं. त्याच्या काळीं थरांची रचना पाहण्याचें साधनच नव्हतें. क्ष-किरणांच्या साहाय्यानें बर्नाल यानें ग्राफाइटाची रचना निश्चित केली ती १९२४ मध्यें. ब्रॉडीचें अनुमान गेलें, तरी त्याचें वजनमाप राहिलें, आणि दीडशें वर्षांनंतरहि संशोधक तें आधारास घेतात. पुढें १९५८ मध्यें हमर्स व ऑफेमन या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं गंधकाम्ल, सोडियम नायट्रेट व पोटॅशियम परमँगनेट यांच्या साहाय्यानें ग्राफाइट ऑक्साइड त्वरित करण्याची रीत प्रसिद्ध केली. १९६२ मध्यें बोएम व त्याच्या सहकाऱ्यांनीं या ऑक्साइडापासून मिळालेल्या कर्बाच्या अत्यंत पातळ पापुद्र्यांचें वर्णन केलें.

मंद आंच आणि प्रखर आंच

आतां मुख्य प्रश्नाकडे येऊं. भाकरी फुगते ती कशानें, याचा विचार पुष्कळांनीं केला नसेल. तव्यावर शेकलेली भाकरी निखाऱ्यापाशीं धरली कीं, पिठांतील पाण्याची झपाट्यानें वाफ होते. दोन्ही पृष्ठें शेकून बंद झालेलीं असतात. वाफेस वाट मिळत नाहीं. म्हणून ती वरचा पापुद्रा उचलून धरते. भाकरीस चीर पडली असेल तर वाफ तिच्यावाटें निघून जाते व भाकरी फुगत नाहीं. आंच मंद असेल, तर वाफ होते तितकीच हळूहळू बाहेर झिरपते. भाकरी वाळून कडक होते, पण पापुद्रा सुटत नाहीं. दोन्ही प्रकारांत पाणी निघून गेलेंच. परंतु एकींत पापुद्रा सुटला आणि दुसरींत सुटला नाहीं.

ग्राफाइट ऑक्साइडांत नेमकें हेंच घडतें. तें हळूहळू तापवीत गेल्यास प्रथम, म्हणजे सुमारें १०० अंशांपर्यंत, थरांत अडकलेलें पाणी जातें. २०० अंशांच्या आसपास प्राणवायूचीं बंधनें तुटूं लागून कर्बाम्लवायु, कार्बन मोनॉक्साइड व वाफ हीं निघतात. वायु मंदपणें निर्माण होत असल्यामुळें ते थरांच्या फटींतून कडेपर्यंत जाऊन बाहेर पडतात. पदार्थ काळा होतो, वीज वाहूं लागतो, पण थर एकमेकांवर तसेच राहतात.

याउलट तोच पदार्थ एकदम प्रखर भट्टींत ढकलला, तर क्षणार्धांत इतका वायु निर्माण होतो कीं, त्यास बाहेर पडण्यास अवधीच राहत नाहीं. अमेरिकेंतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनीं २००६ व २००७ मध्यें या क्रियेचा बारकाईनें अभ्यास केला. त्यांनीं ग्राफाइट ऑक्साइड मिनिटास २,००० अंशांहून अधिक वेगानें १,०५० अंशांपर्यंत तापविलें. त्याचें आकारमान ५०० ते १,००० पट वाढलें, आणि ग्रॅमामागें ७०० ते १,५०० चौरस मीटर पृष्ठभाग मिळाला. एकेरी ग्राफीनाच्या २,६३० चौरस मीटरशीं याची तुलना केली, म्हणजे थर किती मोकळे झाले याची कल्पना येते.

त्यांनीं थरांमधील वायूच्या दाबाचा हिशेबहि केला. दोन थर अलग करण्यास वातावरणाच्या दाबाच्या सुमारें २५ पट दाब पुरेसा आहे. बंदिस्त वायूचा दाब ३०० अंशांवर सुमारें ४०० पट, व १,००० अंशांवर सुमारें १,३०० पट होईल. असें असतां ३०० अंशांवरच थर सुटावयास हवे होते. परंतु प्रत्यक्षांत त्यासाठीं निदान ५५० अंश तापमान लागतें, असें त्यांस आढळलें. ही तफावत कां? कारण हिशेबांतील वायु बंदिस्त आहे, आणि खरा वायु सारखा निसटत असतो. वायु उत्पन्न होण्याचा वेग जेव्हां वायु निसटण्याच्या वेगापेक्षां अधिक होतो, तेव्हांच दाब सांचतो व थर फाकतात. हौदास भोंक असलें तर नळ किती वेळ चालू होता यावरून पाणी किती सांचलें हें सांगतां येत नाहीं. येणाऱ्या व जाणाऱ्या पाण्याचे वेग ताडून पाहावे लागतात. शाळेंतील अंकगणितांतला हा हौद येथें परमाणूंच्या जगांत उभा राहिला आहे.

यावरून प्रखर आंच चांगली व मंद आंच वाईट, असें मात्र कोणीं समजूं नये. मोकळी, पुष्कळ पृष्ठभागाची भुकटी पाहिजे असेल तर त्वरा हवी. परंतु ग्राफाइट ऑक्साइडाचा सलग पातळ पडदा तयार करून तो वीजवाहक करावयाचा असेल, तर तोच वेग त्या पडद्याच्या चिंध्या करील. तेथें आंच मंदच पाहिजे.

उष्णतेची किंमत

उष्णता थर मोकळे करिते. पण तें काम ती फुकट करीत नाहीं. कर्बाम्लवायूच्या प्रत्येक अणूंत प्राणवायूच्या दोन परमाणूंबरोबर कर्बाचा एक परमाणु असतो. हा कर्ब कोठून आला? त्या थराच्या अंगांतूनच. म्हणून बाहेर पडणारा वायु थरांत बारीक भोंकें व खंड ठेवून जातो. प्रखर उष्णतेच्या वरील क्रियेंत पदार्थाचें सुमारें ३० टक्के वजन घटतें. जे थर मिळतात ते सुरकुतलेले असतात. कांहीं प्राणवायु त्यांस चिकटूनच राहतो. चिकटपट्टीनें सोललेल्या निर्दोष ग्राफीनाइतकी वीज ते वाहत नाहींत. दोन हजार अंशांहून अधिक उष्णता दिली, तर पुष्कळशी मोडतोड भरून निघते व षट्कोनांची रचना सुधारते. परंतु हें काम हवेंत करितां येत नाहीं, कारण हवेंत कर्बच जळून जाईल. त्यासाठीं आर्गॉनसारखा निष्क्रिय वायु व खर्चाची भट्टी लागते. ग्राफीन पाहिजे म्हणणारांस यासाठीं आधीं विचारावें लागतें, कीं तें कशासाठीं पाहिजे? पुष्कळ व स्वस्त पाहिजे, कीं थोडें पण निर्दोष?

सावधगिरीची सूचना

ही सूचना विद्यार्थ्यांनीं वाचावी, आणि पालकांनींहि वाचावी. ग्राफाइट ऑक्साइड घरीं किंवा शाळेच्या प्रयोगशाळेंत एकट्यानें करून पाहण्याचा पदार्थ नव्हे. विहिरींचें पाणी शुद्ध करण्यासाठीं टाकीत असत तें जांभळें औषध म्हणजे पोटॅशियम परमँगनेट पुष्कळांच्या ओळखीचें आहे, म्हणून तें निरुपद्रवी वाटतें. परंतु तीव्र गंधकाम्लाशीं त्याचा संयोग झाला म्हणजे मँगनीजचें एक तेलकट ऑक्साइड तयार होतें, व तें ५५ अंशांच्या वर तापल्यास स्फोट पावतें. म्हणूनच हमर्स व ऑफेमन यांनीं परमँगनेट मिसळतांना मिश्रणाचें तापमान २० अंशांच्या वर जाऊं दिलें नाहीं.

तयार झालेला पदार्थहि वाटतो तितका गरीब नाहीं. तो तापला असतां प्राणवायु सुटतांना आणखी उष्णता निर्माण होते. चिमूटभर पदार्थ असेल तर ती उष्णता आसपास निघून जाते. पण वाळलेल्या भुकटीचा ढीग असेल तर ती आंतच कोंडते, क्रिया अधिक वेगानें होते, तिच्यापासून आणखी उष्णता येते, आणि शेवटीं स्फोट होण्याचा संभव असतो. धुतांना पोटॅशियमचे क्षार राहून गेले तर पदार्थ सहज पेट घेतो. हल्लीं असे प्रयोग करून दाखविणाऱ्या चित्रफिती मुलांच्या हातीं सहज येतात. त्यांत पांढरा धूर व फुगलेली काळी भुकटी दिसते. परंतु धुण्याचे, वाळविण्याचे व थंड ठेवण्याचे पुष्कळ तास दिसत नाहींत. पालकांनीं मुलांच्या जिज्ञासेस बंदी करूं नये, पण या प्रयोगास अवश्य करावी.

त्याऐवजीं करण्यासारखें पुष्कळ आहे. घरांतील वडील माणसांच्या देखरेखीखालीं एकाच पिठाच्या, सारख्या वजनाच्या तीन भाकऱ्या कराव्या. एक प्रखर आंचेवर, दुसरी मंद आंचेवर शेकावी, आणि तिसरीस मुद्दाम चीर पाडून ती प्रखर आंचेवर शेकावी. शेकण्यापूर्वीं व नंतर प्रत्येकीचें वजन करावें, लागलेला वेळ घड्याळांत पाहावा, आणि कोणती किती फुगली हें वहींत लिहून ठेवावें. प्रिन्स्टनच्या भट्टींत जो नियम दिसला, तोच चुलीपुढें बसून ताडून पाहतां येईल. आणि अनुमान काढण्याची घाई न करितां आंकडे प्रथम नीट लिहावे. ब्रॉडीनें काढलेलें अनुमान चुकलें, पण त्यानें लिहून ठेवलेले आंकडे आजहि उपयोगी पडत आहेत, हें विद्यार्थ्यांनीं विसरूं नये.